सुभेदारांचं जांभळं बोट

सुभेदार आश्रुबा सानप यांनी मला मत दिलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. माणूस गेला, आता विचारणार कुणाला? सौदा तुटला तर मला वाईट वाटत नाही, दुसरं गिऱ्हाईक येतं. अर्धवट राहिलेला सौदा मात्र मला चपलेतल्या खड्यासारखा टोचतो. या माणसाने माझा सगळ्यात मोठा सौदा अर्धवट ठेवला आणि वर सलाम ठोकून निघून गेला.

मी बागवान. बाप हातगाडीवर केळी विकायचा. मी गाडीवरून दुकानावर आलो, दुकानावरून अडतीवर. वशिला नव्हता, शिक्षण नव्हतं, जे मिळवलं ते तोंडाच्या जोरावर मिळवलं. माझा आवाज चढला की फळबाजारातली कबुतरं उडतात असं लोक म्हणतात. ते खोटं आहे, बाजारात कबुतरं फारशी नाहीतच. पण मी भावात हरलो असं सांगणारा माणूस चौसाळ्यापासून नांदूरघाटापर्यंत मिळायचा नाही. एक होता, त्याच्याबद्दलच लिहितो आहे.

आमच्या जिल्ह्याच्या गावाला लागून एक ओढा आहे. ओढ्यापलीकडच्या माळावर निवृत्त जवानांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, जमीन घेतली आणि एकासारखी एक घरं बांधली. दारं एका ओळीत, चुना एका रंगाचा, तुळशीसुद्धा एका रेषेत. गावात तिला फौजी वस्ती म्हणतात. सुभेदार संस्थेचे चेअरमन. सगळं झकास झालं, फक्त एक गोष्ट राहून गेली. नगरपालिकेची हद्द ओढ्याच्या अलीकडे संपत होती. पलीकडच्या खेड्याची ग्रामपंचायत म्हणायची, हा माळ आम्ही शहराच्या वाढीसाठी कधीच सोडून दिला. नगरपालिका म्हणायची, सोडला असेल, आम्ही अजून घेतलेला नाही. त्यामुळे वस्तीला खासदार होता, आमदार होता, पण सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता.

"दिल्लीला माझं मत चालतं," सुभेदार म्हणायचे, "मुंबईला चालतं. नळालाच कावून चालत न्हाई?"

पाऊस असेपर्यंत या प्रश्नाच्या उत्तराची कुणाला गरजही नव्हती. पण आमच्याकडे पाऊस कधीकधी येतच नाही. त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या आणि सरकारी टँकर सुरू झाले. खेड्यात टँकर यायचा सरपंचाच्या मागणीवर आणि शहरात नगरसेवकाच्या चिठ्ठीवर. फौजी वस्तीसाठी मागणी करणाराच कुणी नव्हता. टँकर ओढ्यापर्यंत यायचा आणि वळून जायचा. बाया डोक्यावर घागरी घेऊन नुसत्या बघायच्या.

त्याच वर्षी मोसंबीच्या बागा वाळल्या आणि माझा धंदा बसला. मी टेम्पोवर टाकी बसवली आणि पाणी विकायला लागलो. यात काही चूक आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. डिझेल कुणी फुकट देत नाही.

पहिल्या दिवशी टेम्पो घेऊन वस्तीत गेलो तेव्हा सुभेदार समोर आले. पांढरा सदरा असा कडक की वारा आला तरी हलू नये. मिशा तशाच. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, पाय विश्रामला. मी सवयीप्रमाणे खांद्यावरचा रुमाल काढला, त्यांचा एक हात पुढे ओढला आणि त्यावर टाकला. आमच्या बाजारात भाव बोलत नाहीत. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबतात. किती बोटं, कुठलं पेर, त्यावर आकडा ठरतो आणि भोवतीच्या लोकांना कळत नाही. मी रुमालाखाली त्यांचं बोट धरलं तसा त्यांनी झटक्यात रुमाल ओढून काढला.

"हे काय करायलाव?"

"भाव सांगतोय, साहेब."

"बशीरभाई, झाकून करायची एकच गोष्ट हाय. मत. भाव उघड्यावर बोला, सगळ्या वस्तीला ऐकू येऊ द्या."

मी भाव बोललो. ते अर्धा भाव बोलले आणि गप्प बसले. मी माझ्या अडचणी सांगितल्या. टायर सांगितले, रस्ता सांगितला, पोरीचं लग्न सांगितलं. माझी पोरगी तेव्हा बालवाडीत होती. ते नुसते बघत राहिले. भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं, गप्प माणसापुढे काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. शेवटी माझ्याच तोंडाने भाव खाली आला. अगदी अर्ध्यावर नाही, पण लाज वाटेल इतका. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. सलाम ठोकल्यावर पुढे काय भांडणार?

तेव्हापासून माझं त्या वस्तीत जाणं-येणं सुरू झालं आणि सुभेदारांच्या एकेक खोडी कळायला लागल्या.

दर सोमवारी ते नगरपालिकेत जायचे, हद्दवाढ कधी होणार हे विचारायला. जाताना घरून लोखंडी घडीची खुर्ची न्यायचे. तिथे बाकडं होतं, पण ते शहरातल्या नागरिकांसाठी आहे आणि आपण अजून शहरात नाही, असं त्यांचं म्हणणं. आपली खुर्ची व्हरांड्यात मांडायची, छातीवर पदकं लावून ताठ बसायचं. शिपाई म्हणायचा, "साहेब न्हाईत." हे म्हणायचे, "असू दे. मी हाय." बस्स. आवाज नाही, घोषणा नाही. कचेरी बंद झाली की खुर्ची मिटून चालत घरी. मी एकदा म्हणालो, "साहेब, जरा ओरडा. टेबलावर हात आपटा. माझ्याकडं द्या हे काम, आठ दिवसांत करून दाखवतो." ते म्हणाले, "बशीरभाई, तुमी ओरडलात की लोकं तुमच्याकडं बघत्यात. मी गप बसलो की साहेबाच्या दाराकडं बघत्यात."

सीताफळ त्यांना फार आवडायचं. खाऊन झालं की बिया धुऊन, वाळवून ठेवायचे आणि वस्तीच्या कडेने ओळीत लावायचे. कडेला भिंत बांधायची तर परवानगी लागते, आणि परवानगी द्यायची कुणी हाच तर वाद होता. झाडाला परवानगी लागत नाही. दुष्काळात बाकी सगळं करपलं, ती रोपं तेवढी टिकली. सुभेदार त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे बघा. पाणी मागत न्हाई, तक्रार करत न्हाई. असाच शेजारी पायजे." हे ते माझ्याकडे बघून म्हणायचे.

पण सुभेदारांची खरी करामत म्हणजे डब्याची निवडणूक.

शहरात नगरपालिकेच्या निवडणुका यायच्या. भोंगे लावलेल्या जीपगाड्या गल्लोगल्ली फिरायच्या. वळायला म्हणून फौजी वस्तीच्या फाट्याशी आल्या की भोंगा बंद व्हायचा. तिथे मतंच नाहीत, बॅटरी कशाला जाळा? माघारी ओढ्याचा पूल ओलांडला की परत सुरू. बाकी अपमान सुभेदारांनी गिळले असते, हा भोंग्याचा अपमान त्यांना गिळता आला नाही. पलटणीत होते तेव्हा त्यांची मतपत्रिका डोंगरावर पोचायची तोपर्यंत इकडे गुलाल धुऊन झालेला असायचा. तेव्हा ते स्वतःला समजवायचे, की घरी गेल्यावर आपल्या गावचा माणूस आपल्या बोटाने निवडू. घरी आले तर भोंगा बंद.

त्यांनी वस्तीला हुकूम दिला, शहर ज्या दिवशी मतदान करील त्याच दिवशी आपणही करायचं. तुपाचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली, लाखेने सील केलं. बोटाला लावायला शाई पाहिजे होती. वस्तीत चाँदभाई हवालदार होते, घोड्याखेचरांच्या दवाखान्यात नोकरी केलेले. त्यांच्याकडे जनावरांच्या जखमेवर लावायचं जांभळं औषध होतं, तीच शाई ठरली. मतदान पहाटे, म्हणजे उजाडल्यावर पाण्याच्या रांगेला सगळे मोकळे. डाव्या हाताची तर्जनी पुढे करायची, चाँदभाई काडीने औषध लावणार, मग आडोशाला जाऊन चिठ्ठी टाकायची. निवडून येणाऱ्याला अधिकार एकच. माझा टेम्पो जिच्यात पाणी ओतायचा त्या वस्तीच्या टाकीची तोटी त्याच्या ताब्यात, पाण्याची रांग त्याने लावायची.

सुभेदारांना वाटलं होतं, आपणच येऊ. मिशांना पीळ देऊन बसले होते. निवडून आल्या गयाबाई.

गयाबाईंचा नवरा सरहद्दीवर कामी आला होता. पोरं त्यांनी एकटीने वाढवली. उंचीला माझ्या कोपरापर्यंत, आवाजाला माझ्या वरचढ. पहिल्याच दिवशी सुभेदार सवयीने रांगेच्या तोंडाशी गेले तर बाईंनी हंडा आडवा धरला.

"मागं."

"गयाबाई, मी चेअरमन हाय."

"चेअरमनला तहान आधी लागती का? मागं व्हा, दाजी."

दाजी शेवटी जाऊन उभे राहिले, विश्रामला. मी टेम्पोवरून हे पाहिलं आणि इतका हसलो की बाईंनी मलाही झापलं, "दात काढायला पैसे घेत न्हाईस वाटतं, बशीर? त्याचा बी भाव सांग." त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला डबा बसायचा, सुभेदार उभे राहायचे आणि गयाबाई निवडून यायच्या. पडल्यावर ते हार घेऊन पहिले पोचायचे. आधी गंमत होती, मग ती रीतच होऊन बसली. अखेरीला तर सोमवारची कचेरी आणि डब्याचं मतदान, दोन्ही वस्तीला सारखंच पक्कं वाटायला लागलं.

आणि एके वर्षी हद्दवाढ झाली. खुर्चीमुळे झाली की साहेबांच्या बदलीमुळे, देव जाणे. फौजी वस्ती शहरात आली, वार्ड पडला आणि निवडणूक जाहीर झाली. त्या वार्डात मी उभा राहिलो.

का उभा राहिलो? सांगतो. आमच्या फळबाजारात मुतारी नाही, दिवा नाही, नाली तुंबलेली. निवडून आलेले सगळे येतात, सीताफळाच्या पेट्या घेऊन जातात. मी ठरवलं, आता पेटी घेणारा मीच होतो. शिवाय हिशोब सरळ होता. अर्धा वार्ड बागवान गल्लीचा, तो माझा. उरली फौजी वस्ती. तिला दुष्काळात पाणी कुणी पोचवलं? सरकारी टँकर वळून गेला तेव्हा कुणाचा टेम्पो ओढा ओलांडून आला? मला वाटलं हे लोक माझा हात सोडणार नाहीत.

पावसाळा कोरडा गेला होता, दिवाळी नुकतीच झाली होती. मी निवडक सीताफळांच्या पेट्या वस्तीत पाठवल्या, घरागणिक एक. तासाभरात सगळ्या पेट्या बैलगाडीतून माझ्या दुकानापुढे परत. वरच्या पेटीवर सुभेदार स्वतः बसून आले होते.

"साहेब, फळ खराब निघालं का?"

"फळ लई झकास हाय. निवडणूक झाल्यावर पाठवा, इकत घेतो."

"मग मत कुणाला देणार?"

"ते उघड्यावर बोलायचं नसतं."

मी म्हणालो, बरं, रुमाल टाकतो. ते हसले नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत त्यांना विनोद चालत नसे.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच शाळेतल्या केंद्रावर पोचलो. थोड्या वेळाने ओढ्याच्या पुलावरून फौजी वस्ती आली. काय थाट होता! दोघादोघांची रांग, डोक्यावर टोप्या, छातीवर पदकं, बाया इस्त्रीच्या लुगड्यात. पुढे सुभेदार. बोलत कुणीच नव्हतं. मला एकदम भरून आलं. त्यातली निम्म्याहून अधिक मतं मी मनातल्या मनात मोजलीही होती.

सुभेदार टेबलापाशी गेले. कारकुनाने नाव शोधलं, म्हणाला, "काका, डावा हात." सुभेदारांनी हात पुढे केला. कारकुनाने बोटाकडे पाहिलं, सुभेदारांकडे पाहिलं, परत बोटाकडे पाहिलं.

"काका, तुमचं मतदान झालंय."

"कुठं?"

"ते तुम्हीच सांगायचं."

सुभेदारांनी स्वतःचं बोट बघितलं. जांभळं. मागे वळून पाहिलं. सगळ्या रांगेने आपापली बोटं वर केली. सगळी जांभळी.

झालं होतं असं, की शहरात नगरसेवक कुणीही येवो, टाकीवरची रांग दुसऱ्या दिवशीही लागणारच होती. गयाबाईंची मुदत संपली होती. म्हणून पहाटे रीतीप्रमाणे डबा बसला, रीतीप्रमाणे चाँदभाईंनी काडी फिरवली आणि रीतीप्रमाणे सगळे इस्त्रीचे कपडे घालून खऱ्या मतदानाला निघाले. डबा बंद करा असा हुकूम कुणी दिला नव्हता. हुकूम देणारा माणूस स्वतःच पहिला बोट रंगवून मोकळा झाला होता. इतकी वर्षं ज्या मतासाठी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले, ते मत त्यांनी घोड्याच्या औषधात बुडवून आणलं होतं.

केंद्राध्यक्ष बाहेर आले. कुठल्या तरी लांबच्या शाळेतले मास्तर होते, घाबरट पण सज्जन.

"सकाळी कुठे मतदान केलंत?"

खोटं बोलणं सुभेदारांना जमत नसे, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. "आमच्या वस्तीत."

"तिथे केंद्र आहे?"

"डबा हाय."

"शाई कुणी लावली?"

"चाँद हवालदार."

"ते कुठल्या केंद्रावर नेमणुकीला आहेत?"

"टाकीवर."

विरोधी उमेदवाराच्या माणसांनी एकच गलका केला, "बोगस! बोगस! सगळी वस्ती बोगस!" मग माझंही डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी शाळेच्या छपरावर कबुतरं होती आणि ती उडाली, एवढंच सांगतो. सुभेदारांनी मागे न बघता म्हटलं, "बशीरभाई, विश्राम." त्यांचा आवाज मात्र कापत होता. मी त्या माणसाचा आवाज कापताना तेव्हाच ऐकला.

चाँदभाई पुढे झाले. "साहब, घोडे की दवा है. सरकारी शाई जात नाही, ही जाते. पुसून दाखवतो."

मास्तरांनी घाम पुसला. रजिस्टर चाळलं, कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ हो हो म्हणाले. शेवटी म्हणाले, "वेळ संपायच्या आत ज्याचं बोट साफ निघेल, त्याचं मतदान घेऊ. डाग राहिला तर माझा नाइलाज आहे."

मी लगेच माझ्या पोरांना हाक मारली, लिंबं आणा, टेम्पो आणा, टाकी भरलेली आहे. टेम्पो शाळेपाशी आलाही. तोच विरोधी टोळी परत ओरडली, "उमेदवार मतदारांना पाणी वाटतोय! आचारसंहिता!" दुष्काळात पाणी वाटणं म्हणजे पैसे वाटण्यासारखंच होतं, हे त्यांचंही खरं. मी म्हणालो, अरे पाणी प्यायला नाही, बोटाला आहे! पण सुभेदारांनीच हात आडवा केला.

"उमेदवाराचं पाणी नको."

"साहेब, वेळ जाईल! तुमचंच मत बुडंल!"

"बुडू द्या. उमेदवाराचं लिंबू बी नको."

असा राग आला की त्यांना खुर्चीसकट उचलून ओढ्यात टाकावं. पण गयाबाई तोवर पुलाच्या पलीकडे पोचल्या होत्या. टाकीची तोटी त्यांच्याकडे. टाकीत वस्तीचं त्या दिवसाचं पिण्याचं पाणी होतं, तेवढंच. त्या कळशी भरून परत आल्या, सोबत चुलीतली राख आणि स्वतःची टाच घासायची वजरी. मागून चाँदभाई स्पिरिटची बाटली घेऊन. शाळेच्या भिंतीलगत सगळ्यांना ओळीत बसवलं. आधी स्पिरिट, मग राख, मग वजरी, मग पेलाभर पाणी. बाई एकेकाचं बोट धरून अशा घासत होत्या की लढाईत न ओरडलेली माणसं तिथे ओरडली.

"गयाबाई, हळू! कातडं निघालं!"

"निघू दे. कातडं परत येतंय. ते भोंगेवाले परत यायला पाच वर्सं लागत्यात."

सुभेदार ओळीत शेवटी बसले होते. बाईंनी बोलावलं तरी पुढे आले नाहीत. म्हणाले, सगळ्यांचं होऊ द्या. त्यांची पाळी आली तेव्हा सूर्य शाळेमागे गेला होता आणि कळशीत तळाला थोडंसं पाणी उरलं होतं. बाईंनी घासलं. नखाच्या कडेला जांभळं राहिलं. परत घासलं. वजरी झिजली, बोट लालबुंद झालं. सुभेदार सरळ समोर बघत बसले होते, परेडला बसावं तसे. शेवटचं पाणी ओतलं आणि त्यांनी बोट मास्तरांपुढे धरलं. मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला, म्हणाले, "आत चला."

आत कारकुनाने खरी शाई लावली. सोललेल्या कातडीवर ती अशी झोंबली की सुभेदारांच्या डोळ्यांत पाणी आलं. कारकून म्हणाला, "काका, उजव्या बोटाला लावू का?"

"न्हाई. डावंच. झोंबू द्या."

वस्तीतलं प्रत्येक माणूस मत देऊन बाहेर आलं. त्या रात्री वस्तीतल्या कुणी पाणी प्यायलं असेल तर ते शेजारच्या गल्लीतून मागून.

मी पडलो. किती मतांनी? हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. समोरचा माणूस गुलाल उधळत माझ्या दुकानावरून गेला आणि माझीच पेटी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा वस्तीत गेलो. सुभेदार सीताफळाच्या झाडांना आळी करत होते. बोटाला चिंधी बांधलेली.

"साहेब, एकच विचारतो. मला दिलं का न्हाई?"

"गुप्त असतंय ते, बशीरभाई."

"आता निकाल लागला! आता कसलं गुप्त?"

"निकालाचा आन् गुप्ताचा काय संबंध?"

"नुसती मान हलवा."

"मान हलवणं म्हणजे सांगणंच की."

मी चाँदभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "भाई, आपलं मत तुलाच." हेच त्यांनी निवडून आलेल्यालाही सांगितलं होतं. मग गयाबाईंना विचारलं. त्यांनी तोटीवरून हात काढला नाही. "मी माझं सांगते. मी तुला न्हाई दिलं."

"कावून? पाणी कुणी आणलं वस्तीत?"

"तूच आणलंस. इकत आणलंस. टँकरवाल्याला नगरसेवक केला, तर तो नळ कावून आणील बे?"

मी डिझेलचा भाव सांगायला लागलो. बाई रांगेकडे बघायला लागल्या.

निवडून आलेल्या माणसाने नळ आणला, हे मी नाकारत नाही. त्याला आणावाच लागला, कारण सुभेदारांनी लोखंडी खुर्ची नगरपालिकेतून उचलून त्याच्या अंगणात नेली. दर सोमवारी, पदकं लावून. मी असतो तर मीही आणला असता, कदाचित लवकर. पण ते राहू द्या.

त्यानंतर कितीतरी वर्षं सुभेदार माझ्या दुकानात येत राहिले. फळ निवडायचे, भाव उघड्यावर बोलायचे, गप्प बसायचे आणि मला खाली आणायचे. प्रत्येक वेळी मी विचारायचो, आज तरी सांगा. एकदा म्हणालो, सांगितलंत तर वर्षभर सीताफळ फुकट. त्यांनी निवडलेली फळं टोपलीत परत ठेवली. "फुकट द्यायलाव म्हणजे मत इकत घ्यायलाव," म्हणाले, आणि शेजारच्या गाडीवरून घेतली. शेजारच्या गाडीवरची सीताफळं माझ्याच अडतीवरची होती, हे मी त्यांना अजिबात सांगितलं नाही.

शेवटचं पाहिलं तेही मतदानाच्याच दिवशी. मी उभा नव्हतो. निवडणुकीचं नाव काढलं की घरात बायको पदर खोचते. सुभेदारांना चालवत नव्हतं, म्हणून त्यांना केंद्रावर न्यायला मी जीप घेऊन गेलो. आधी त्यांनी विचारलं, "कुण्या पार्टीची गाडी?" म्हणालो, "बायकोची." मग बसले. डब्याची रीत तेव्हाही होती. नळ आला तरी तोटी कुणाच्या तरी ताब्यात लागतेच, आणि गयाबाई अजून हरायला तयार नव्हत्या. पण आता चाँदभाई औषध उजव्या करंगळीला लावायचे. एवढी सुधारणा वस्तीने केली होती.

मत देऊन परत आलो. सीताफळाची झाडं आता जीपच्या टपाच्या वर गेली होती. सुभेदारांनी आधार घेतला नाही. दाराची कड धरून उतरले, सलाम ठोकला आणि ओळीच्या कडेने घराकडे निघाले. डावा हात अंगापासून दूर धरला होता, ओली शाई पांढऱ्या सदऱ्याला लागू नये म्हणून. मला राहवलं नाही. मी जीपमधूनच ओरडलो,

"साहेब! ते पहिल्या वेळचं... मला दिलं का न्हाई?"

ते थांबले नाहीत, वळले नाहीत. चालता चालता फक्त डावा हात वर केला. एक बोट, उभं, काळंभोर. ते तसंच वर धरून शेवटच्या झाडाआड गेले.

ते हो होतं, की गप बस होतं? आयुष्यभर रुमालाखाली बोटं वाचली, कुणाचं कुठलं पेर काय म्हणतं ते डोळे मिटून सांगेन. हे एक बोट भर उन्हात, उघड्यावर, वस्तीदेखत वर केलेलं होतं, आणि त्याचा भाव मला अजून लागत नाही.